६-४, ६-३

नोव्हेंबरच्या मध्यावर नागपुरात थंडी पडलेली नसते. पडणार, पडणार असं सगळे एकमेकांना सांगत असतात. दिवाळीच्या डब्यांत तळाशी चिवड्याचा चुरा उरलेला असतो, रस्त्याच्या कडेला संत्र्यांच्या राशी लागतात आणि सीताबर्डीत स्वेटरवाले ठाण मांडून बसतात. पुरुषांच्या टेनिसचा हंगाम नेमका याच दिवसांत संपतो. वर्षभरात सगळ्यात जास्त गुण मिळवलेले आठ जण एका शहरात जमतात आणि बंद छपराखाली आठवडाभर एकमेकांशी भिडतात. सध्या हे शहर इटलीतलं तुरीन आहे. त्याआधी बारा वर्षं लंडन होतं. त्याआधी शांघाय, ह्यूस्टन, लिस्बन, हॅनोवर, फ्रँकफर्ट, न्यूयॉर्क. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी स्पर्धा आहे ही. नावंही बदलत आली. जुने लोक मास्टर्स म्हणतात, आता एटीपी फायनल्स. विम्बल्डनचं गवत नाही, पॅरिसची लाल माती नाही. त्यामुळे टेनिस बघणाऱ्या घरांतही ही जरा सावत्रच.

मला मात्र ती चारही ग्रँड स्लॅमपेक्षा जवळची वाटते. त्याचं कारण फारसं अभिमानाचं नाही.

टेनिसमध्ये हरणाऱ्याला थारा नसतो. विम्बल्डनला सोमवारी दुपारी हरलात की संध्याकाळी बॅग भरायची. तुम्ही कितीही मोठे असा, तुमच्या नावावर काट मारून ड्रॉ पुढे सरकतो. या एका स्पर्धेत मात्र आठ जणांचे चार-चारचे दोन गट करतात, प्रत्येक जण आपल्या गटातल्या तिघांशी खेळतो आणि दोन्ही गटांतले पहिले दोघे सेमीफायनलला जातात, तिथे एका गटातल्या पहिल्याची गाठ दुसऱ्या गटातल्या दुसऱ्याशी. म्हणजे पहिल्या दिवशी हरलेला माणूस शेवटच्या दिवशी करंडक घेऊन उभा राहू शकतो. १९७० मध्ये टोकियोत ही स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा तर फायनलच नव्हती. सहा खेळाडू, सगळे सगळ्यांशी खेळले आणि हिशेबात स्टॅन स्मिथ पहिला आला.

या हिशेबाची सगळ्यात मोठी गंमत १९७५ साली स्टॉकहोमला झाली. इली नस्तासेने आर्थर अ‍ॅशला इतकं छळलं, सर्व्हिस करता करता थांबून टोमणे मारून इतकं वैतागवलं, की शांतपणासाठी ओळखला जाणारा अ‍ॅश स्वतः आघाडीवर असताना कोर्ट सोडून निघून गेला. आधी दोघांनाही बाद ठरवलं, मग विचार करून तो सामना अ‍ॅशला दिला. दुसऱ्या कुठल्याही स्पर्धेत नस्तासे तिथेच संपला असता. इथे तो उरलेल्या सामन्यांच्या जोरावर पुढे गेला आणि फायनलमध्ये बियाँ बोर्गला ६-२, ६-२, ६-१ असं धुऊन विजेता झाला. वर्गाबाहेर काढलेल्या पोट्ट्याने त्याच वर्षी बोर्डात यावं, तसंच.

२००५ साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे कागदोपत्री. पहिल्या वर्षाचे दोन विषय बॅक होते. एटीकेटी नावाची सोय ज्याने वापरली आहे त्याला गटपद्धत समजावून सांगावी लागत नाही. नापास झालास? हरकत नाही, पुढच्या वर्गात बस, मागचं जमेल तसं फेड. त्या वर्षी २० नोव्हेंबरला, रविवारी, शांघायला फायनल होती. डेव्हिड नाल्बंडियन मुळात त्या आठांत नव्हताच. अँडी रॉडिक दुखापतीने गळला म्हणून याला बोलावणं गेलं. तेव्हा हा अर्जेंटिनात मासे धरायला जायच्या बेतात होता म्हणे. आला, गटातला पहिलाच सामना रॉजर फेडररशी हरला, पुढचे जिंकला आणि फायनलला पुन्हा फेडररसमोर उभा राहिला. फेडरर तोवर सलग २४ फायनल जिंकलेला. पहिले दोन सेट टायब्रेकमध्ये, म्हणजे ६-६ झाल्यावरच्या निर्णायक गेममध्ये, फेडररचे.

मी हे मित्राच्या खोलीवर बघत होतो. तिसऱ्या सेटमध्ये लाइन गेली. आमच्याकडे वीज जात नाही, लाइन जाते. ती परत आली तेव्हा पाचवा सेट चालू होता आणि नाल्बंडियन ४-० असा पुढे होता. मधल्या वेळात काय झालं हे कळायला काही मार्ग नव्हता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मग फेडरर तिथून परत आला, ६-५ वर सामन्यासाठी सर्व्हिस करत होता, ३०-० झालं होतं. दोन पॉइंट. ते त्याला मिळाले नाहीत. टायब्रेक नाल्बंडियनने घेतला. चार तास तेहतीस मिनिटं.

त्या खोलीतून मी एकच वाक्य घेऊन बाहेर पडलो: गटात हरलं तरी चालते.

आता कबुली. आमच्या वस्तीत, अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, एक मातीचा कोर्ट आहे. तो सांभाळायला एक मार्कर होते. मार्कर म्हणजे कोर्टाला पाणी मारणारा, रोलर फिरवणारा, चुन्याच्या रेषा ओढणारा, पोरांना शिकवणारा आणि जोडीदार आला नाही तर मेंबरांशी खेळणारा माणूस. आम्ही सगळे त्यांना नुसतं भाऊ म्हणायचो. तुटपुंज्या पगारात ते हे सगळं करत आणि वर दरवर्षी जानेवारीत दुहेरीची लीग भरवत. आठ जोड्या, दोन गट, अगदी मोठ्या स्पर्धेसारखं. फरक एवढाच, की दोन जोड्यांचे विजय सारखे झाले तर भाऊंच्या नियमाप्रमाणे गेमचा फरक बघायचा, म्हणजे जिंकलेल्या गेममधून हरलेले वजा करायचे. फळ्यावर खडूने सगळं लिहिलेलं असे.

२००६ च्या जानेवारीत मी आणि माझा रूमवाला मित्र गटातले पहिले दोन सामने जिंकून सेमीत पोचलेलेच होतो. तिसरा सामना एका बाप-लेकाशी होता. वडील बँकेत, पन्नाशीचे, पोट सुटलेले, बॅकहँड मारताना डोळे मिटून घेणारे. मुलगा नववीतला. दोघेही दोन सामने हरून बसलेले. दुसऱ्या गटात मात्र घोळ झाला होता. अजनीहून रेल्वेतले दोघे यायचे, त्यांना कुणी हरवलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्यातल्या एकाची एका संध्याकाळी ड्युटी लागली आणि त्यांना वॉकओव्हर द्यावा लागला. त्यामुळे ते गटात दुसरे. म्हणजे आमच्या गटात जो पहिला येईल त्याची सेमी अजनीशी.

असाइनमेंटच्या मागच्या कोऱ्या पानावर मित्राने गणित मांडलं. आमच्याच गटातल्या दुसऱ्या एका जोडीचे दोन विजय होऊन त्यांचं संपलेलं होतं. दुसरं यायचं तर आम्हाला नुसतं हरून भागणार नव्हतं, किमान पाच गेमच्या फरकाने हरायला हवं होतं. आणि फारच मोठं हरलो तर भाऊंना वास येईल. ४-६, ३-६. बरोबर पाच. मॅथ्स थ्री मध्ये जे डोकं चाललं नाही ते इथे चाललं.

मुद्दाम हरणं कष्टाचं काम आहे, हे ज्याने केलं नाही त्याला पटणार नाही. समोरचा चेंडू बाहेर मारत असतो आणि तुम्हाला त्याच्याहून जास्त बाहेर मारायचा असतो, तोही असा, की आत पडता पडता राहिला असं वाटावं. बँकेतले काका सुरुवातीला आमच्या प्रत्येक चुकीला 'बॅड लक' म्हणत होते. पहिला सेट घेतल्यावर त्यांनी ते म्हणणं बंद केलं. दुसऱ्या सेटमध्ये त्यांनी डोळे मिटून मारलेला एक बॅकहँड खरोखर रेषेवर पडला. तो मला काही केल्या पोचला नसता. त्या सामन्यातला तो एकच पॉइंट ते आमच्याविरुद्ध जिंकले, बाकीचे आम्ही दिले.

सामना संपला तेव्हा मुलगा पळत जाऊन वडिलांना बिलगला. नववीतला मुलगा असा बिलगत नाही, चार लोकांसमोर तर नाहीच. काकांनी त्याला स्कूटरवर पिटाळलं आणि तो संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला. कोर्टावरच्या प्रत्येकाला त्यांनी आपल्या हाताने बर्फी दिली. आम्हालाही दिली, दोन-दोन. मी खाल्ली.

गणित बरोबर आलं. आम्ही दुसरे आलो, सेमी सहज जिंकलो, आणि फायनलला समोर कोण, तर अजनीचे दोघे. ६-१, ६-२. नाल्बंडियन वगैरे काही झालं नाही. उपविजेत्यांचे स्टीलचे मग घेऊन निघालो तेव्हा भाऊ पाण्याचा पाइप गुंडाळत होते.

"का बे, किती गेमनं हराचं ठरलं होतं? पाच ना?"

मी गप्प. नियमच त्यांचा, त्यांना गणित येणार नाही तर कुणाला.

"तुमी हरले असते तं काही नव्हतं," पाइपाकडेच बघत ते म्हणाले. "तुमी त्यायले जिंकूच नाही देल्लं."

पुढे बऱ्याच वर्षांनी या स्पर्धेचा इतिहास वाचताना १९८१ च्या जानेवारीशी येऊन थांबलो. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९८० च्या हंगामाची स्पर्धा. इव्हान लेंडल आणि जिमी कॉनर्स दोघेही सेमीत पोचलेले. त्यांच्यातला शेवटचा सामना फक्त पहिला कोण हे ठरवणारा. दुसऱ्या गटात बोर्ग दुसरा आलेला. जो जिंकेल त्याची सेमी बोर्गशी. लेंडलने पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावला आणि दुसऱ्यात एकच गेम घेतला. कॉनर्सने त्याला जाहीरपणे भित्रा म्हटलं. लेंडल सेमी जिंकला, फायनलला गेला आणि तिथे बोर्गच उभा होता. सरळ तीन सेटमध्ये हरला. मी ते पान दोनदा वाचलं. वीस-एकवीस वर्षांचा तोही आणि आम्हीही, त्याचा बोर्ग तसे आमचे अजनीवाले. फक्त आमच्याकडे प्रेक्षक नव्हते, आणि कॉनर्सच्या जागी बर्फी वाटणारा माणूस होता.

लेंडलच्या बाजूने एवढं म्हणायला हवं, की त्या वर्षापासून तो या स्पर्धेच्या सलग नऊ फायनल खेळला आणि पाच जिंकला. नवव्या वेळी बोरिस बेकरकडून पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरला; शेवटच्या पॉइंटला चेंडू जाळीच्या काठाला लागून त्याच्या बाजूला पडला. भित्र्या माणसाच्या नशिबात असले सामने येत नाहीत. संयोजकांनी मध्यंतरी गट काढून सरळ बाद फेरीही आणून बघितली. १९८६ मध्ये गट परत आले. आता नियम असे केलेत, की गटातल्या प्रत्येक विजयाचे २०० गुण स्वतंत्र मिळतात, सेमीचे ४००, फायनलचे ५००. एकही सामना न हरता जिंकलात तर १५००. शिवाय दर विजयाला घसघशीत पैसे. मुद्दाम हरणाऱ्याचं नुकसान व्हावं अशी व्यवस्था. पण पैसे आणि गुण कितीही ठेवले तरी समोरच्या गटात बोर्ग बसलेला असला की माणसाच्या मनात कागद-पेन्सिल निघतेच, हे मी अनुभवाने सांगतो.

म्हणून २०२३ चा तो गुरुवार मी जागून काढला. तुरीनचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर लागतात. बायको झोपलेली, मी कानात इअरफोन घालून स्वयंपाकघरात, समोर शंकरपाळ्यांचा डबा. नोव्हाक जोकोविच गटात यानिक सिनरकडून हरला होता, तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये. आता त्याचे तिन्ही सामने संपले होते आणि पुढे जाणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं. सिनर सेमीत पोचलेलाच होता. त्याचा शेवटचा सामना होल्गर रूनशी. रून जिंकला तर तिघांचे विजय सारखे होऊन सेटच्या हिशेबात जोकोविच बाहेर. ही स्पर्धा आधी सहा वेळा जिंकलेला, वर्षअखेर जगात पहिला असलेला माणूस घरी पाठवण्यासाठी सिनरला करायचं होतं काय? फक्त हरायचं होतं. तेही आपल्याच देशात, आपल्याच लोकांसमोर, अगदी सन्मानाने, थकल्याचं निमित्त तयार असताना.

पहिला सेट सिनरने घेतला. दुसरा रूनने. माझ्या आत बसलेल्या इंजिनिअरिंगच्या पोराने तिथेच सामना सोडून दिला होता. आता दोन-चार चेंडू बाहेर मार, संपव, झोपायला जा, असं मी त्या पडद्याला अक्षरशः सांगत होतो. तिसऱ्या सेटमध्ये सिनर एकेका चेंडूसाठी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धावत होता. ६-४ ने जिंकला आणि जोकोविचला स्वतःच्या हाताने आत घेतलं. शंकरपाळ्याचा डबा रिकामा झाला होता. माझ्या चेहऱ्यावर कुणी काही फेकून मारावं तसं मला वाटलं, पण बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

रविवारी, १९ नोव्हेंबरला फायनल. तारीख ओळखीची वाटेल. त्या दुपारी अहमदाबादला आपला संघ सलग दहा सामने जिंकून वर्ल्ड कपच्या फायनलला उतरला होता. नागपूरला त्या वर्ल्ड कपचा एकही सामना मिळाला नव्हता, हे दुःख आम्ही निळ्या जर्स्या घालून गिळलं होतं. रात्री साडेनऊच्या सुमारास ट्रॅव्हिस हेडच्या १३७ धावांखाली सगळं शहर गप्प झालं. कुणी आणून ठेवलेले फटाके कुणी वाजवले नाहीत. आमच्या इमारतीत एकामागून एक टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. आवाज बंद होतानाही आवाज येतो, हे तेव्हा कळलं. मी तासाभराने टेनिस लावलं. सिनरने ज्याला आत घेतलं होतं त्याने त्याला ६-३, ६-३ असं हरवलं. जोकोविचचा सातवा करंडक. फेडररच्या सहाच्या पुढे. चेन्नईत आपल्याकडून सहा विकेटने हरलेल्या ऑस्ट्रेलियाने आपल्याला सहाच विकेटने हरवलं, आणि मंगळवारी हरलेल्या जोकोविचने रविवारी सिनरला. एकाच रात्री दोनदा तीच गोष्ट बघायला मिळाली आणि दोन्ही वेळा मी चुकीच्या बाजूला होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टावर गेलो. खरं तर कोर्ट म्हणावं असं काही उरलं नव्हतं. सप्टेंबरात अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन पाणी वस्तीत शिरलं, तेव्हा त्यावर वीतभर गाळ बसला होता. दिवाळीनंतर तो काढून नवी माती टाकायचं काम चालू होतं. भाऊ आता सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, खुर्चीवर बसून दोन पोरांकडून रोलर फिरवून घेत होते. बाकावर नेहमीची मंडळी. सगळ्यांचे चेहरे अहमदाबादचे.

बँकेतले काका रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. खेळत नाहीत, पण रोज येतात. त्यांचा मुलगा दिवाळीला पुण्याहून आला होता, सोबत त्याचा चार-पाच वर्षांचा पोरगा. काका त्या नातवाला मांडीवर घेऊन समजावत होते, की असं रडायचं नसतं, चेन्नईत आपणच त्यांना हरवलं होतं ना, ते काय खोटं आहे का?

मग त्यांना मी दिसलो.

"हा बघ," ते नातवाला म्हणाले, "या काकाला आम्ही हरवलं होतं. तुझ्या बाबाने आणि मी. टॉपची जोडी होती यांची. लीगमध्ये." आणि माझ्याकडे वळून, "स्कोअर काय होता हो तो? पहिला सेट आठवतो. दुसरा विसरायला लागलो बघा आता."

मुलगा हसत होता. त्याच्या चेहऱ्यावर नववीतलं काहीतरी अजून शिल्लक होतं. भाऊंनी रोलरवाल्या पोरांना हाताने थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"सहा-चार, सहा-तीन," मी म्हणालो. "आणि काका, तो रेषेवरचा बॅकहँड. तो मला पोचलाच नसता."

"हो ना!" काका म्हणाले आणि नातवाला तो बॅकहँड डोळे मिटून करून दाखवू लागले. भाऊंनी पोरांना पुन्हा रोलर ओढायला सांगितलं.